सकाळी सी, रात्री नायसिनामाइड

सोमवारी सकाळी नऊ वाजून एकोणसाठ मिनिटांनी भास्कर ढोमणे ऑफिसात हजर नव्हते. ते हजेरीच्या यंत्रासमोर उभे होते.

"चेहरा मेल नहीं खाया," यंत्रातली बाई म्हणाली. "कृपया पुनः प्रयास करें."

भास्कररावांनी चष्मा काढला आणि पुन्हा उभे राहिले.

"चेहरा मेल नहीं खाया."

चष्मा घातला, केस बसवले, हनुवटी वर घेतली. मागे रांग लागली होती. रांगेतल्या प्रत्येकाला ते ओळखत होते आणि रांगेतला प्रत्येक जण त्यांना ओळखत होता.

"चेहरा मेल नहीं खाया. आज के तीन प्रयास समाप्त हुए. आप अनुपस्थित हैं. धन्यवाद."

"हो गया, ढोमणेजी?" मागून रामकृष्ण साहूचा आवाज आला. "ज़रा हटिए, मेरा लेट हो जाएगा."

भास्करराव हटले. रामकृष्णानं तोंड पुढं केलं. तोंडात पान होतं आणि एक गाल लिंबाएवढा फुगलेला होता.

"उपस्थिति दर्ज हुई," बाई म्हणाली. लाडात म्हणाली, असं भास्कररावांना वाटलं.

*

नवा रायपुरातल्या त्या संचालनालयात भास्करराव आवक-जावक शाखेचे बाबू होते. बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं, ते त्याला जावक क्रमांक द्यायचे, वहीत चढवायचे, शिक्का मारायचे, आणि मगच ते पत्र जगात जायचं. एकोणीस वर्षं हेच काम, हीच खुर्ची. ऑफिस जुन्या रायपुरातून इकडे आलं तेव्हा खुर्चीही ट्रकात घालून आली.

येत्या शुक्रवारी दुपारी पदोन्नती समिती बसणार होती. अधीक्षकाच्या दोन जागा होत्या. यादीत पहिलं नाव भास्कर ढोमणे, दुसरं रामकृष्ण साहू. समिती दोन वर्षांतून एकदा बसते आणि भास्कररावांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. म्हणजे ही गाडी चुकली तर पुढची नव्हतीच. गुढियारीतल्या त्यांच्या घराच्या दारावर 'भास्कर ढोमणे, अधीक्षक' अशी पाटी लागावी, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्याकडं लावून धरलं होतं. आयुष्य आजवर त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून परत पाठवत आलं होतं.

आणि आता ते हजर नव्हते.

"भाऊ, तुम्ही मले दिसून राहिले," आस्थापना शाखेच्या विनोदिनी मॅडम म्हणाल्या. त्या यवतमाळच्या, ऑफिसात मराठी बोलायला त्यांना भास्करराव आणि भास्कररावांना त्या. "पण माझ्या दिसण्यानं काही होत नाही आता. परिपत्रक आहे."

"कोणतं परिपत्रक?"

"तुम्हीच त पाठवलं ना फेब्रुवारीत. जावक क्रमांक चारशे बारा."

भास्कररावांना आठवलं. 'यापुढे उपस्थितीकरिता मानवी ओळख ग्राह्य धरली जाणार नाही.' सुवाच्य अक्षरात चढवलं होतं त्यांनी. शिक्काही सरळ बसला होता.

*

आता चेहऱ्याचं सांगायला हवं.

जानेवारीत यंत्र बसलं तेव्हा प्रत्येकाचा चेहरा नोंदवला गेला. नोंदवताना तो पडद्यावर दिसायचा, परातीएवढा. भास्कररावांनी स्वतःला इतकं मोठं कधी पाहिलं नव्हतं. दोन्ही गालांवर वांग होता. तीस वर्षं उन्हातान्हात स्कूटर चालवून आलेला, काळपट, पसरलेला. दाढी करताना तो दिसायचा, पण दाढीचा आरसा हातभर आणि दिवा पिवळा, त्यामुळे त्यांची आणि वांगाची आजवर नीट ओळखच झाली नव्हती. त्या दिवशी झाली. उद्या अधीक्षक झालो आणि साहेबांच्या शेजारी बैठकीला बसलो, तर हे तोंड घेऊन बसायचं?

घरी मुलगी होती, निधी. ती समता कॉलोनीतल्या एका त्वचारोगाच्या दवाखान्यात काम करायची. तिच्याशी बोलणं झालं आणि त्याच रात्री भास्कररावांनी डायरीत नोंद घेतली. कोणतीही गोष्ट टिपणी लिहिल्याशिवाय सुरू करायची त्यांना सवय नव्हती.

विषय : व्हिटॅमिन सी व नायसिनामाइड चेहऱ्यास लावणेबाबत.

१. कु. निधी यांचे मत : दोन्ही लावावे. सी सकाळी, थेंब चार. नायसिनामाइड रात्री, पाच टक्केवाले. दिवसा वरून सनस्क्रीन, दोन बोटे भरून.

२. विनोदिनी मॅडम यांचे मत : ही दोन द्रव्ये एकत्र आल्यास एकमेकांस निकामी करतात. त्यांच्या भावजयीचे तोंड सोलले.

३. मोबाइलवरील डॉक्टर (पुरुष) : एकत्र लावण्यास हरकत नाही, ही जुनी भीती आहे.

४. मोबाइलवरील डॉक्टर (स्त्री) : सावध असावे.

५. सौ. कुमुद यांचे मत : इतकंच सी पाहिजे त आवळा चोळा ना तोंडाले. (अभिलेखावर घेतले नाही.)

निर्णय : मतभेद लक्षात घेता उभय द्रव्यांची गाठ पडू देऊ नये. बारा तासांचे अंतर ठेवावे.

आणि भास्कररावांनी खरोखर पडू दिली नाही. सीची बाटली फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीशेजारी, नायसिनामाइडची पार दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलपात. सकाळचा टॉवेल वेगळा, रात्रीचा वेगळा. चौदा आठवड्यांत एक दिवस चुकला नाही. निधी दवाखान्यात सांगायची की आमच्याकडं येणाऱ्या बाया पंधरा दिवसांत कंटाळतात, पण पापा म्हणजे पापा.

वांग हळूहळू फिका झाला. मग पुसट झाला. मग गेला.

या चौदा आठवड्यांत घरात, बसमध्ये, ऑफिसात एकाही माणसाच्या ते लक्षात आलं नाही. पहिल्यांदा लक्षात आलं ते यंत्राच्या.

*

"म्हणजे मशीन म्हणते का तुम्ही तुम्ही नाही?" सोमवारी संध्याकाळी कुमुदनं विचारलं.

"तसं नाही म्हणत. मेल नहीं खाया म्हणते."

"बत्तीस वर्षं झाली, माझ्याशी कुठं खाल्ला."

"कुमुद, मजाक नको करू. मी गैरहजर आहो. पहिल्यांदा, सगळ्या नोकरीत पहिल्यांदा!"

निधीनं त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं आणि ती किंचाळलीच. "पापा! ये तो कमाल हो गया! आपके पिग्मेंटेशन तो पूरे गए! पहले का कोई फ़ोटो है? क्लिनिक में बिफ़ोर-आफ़्टर लगाएँगे!"

"बेटा, आफ्टर राहू दे. मले बिफोर पाहिजे."

"अरे, इतनी मेहनत के बाद? पागल हो क्या आप?"

पोट्टी मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीतच द्यायची. सुखाचं असो की दुःखाचं.

*

मंगळवारी यंत्राच्या कंपनीचा विशाल आला. त्यानं यंत्राच्या पोटात बोट घालून काहीतरी वाचलं.

"सत्तर परसेंट मिलना चाहिए, सर. पिछले सोमवार आपका छिहत्तर था. शुक्रवार को इकहत्तर. कल उनहत्तर. आज अड़सठ."

"मतलब?"

"मतलब आप रोज़ थोड़ा-थोड़ा कम हो रहे हैं."

हे भास्कररावांना स्वतःलाही बरेच दिवस वाटत होतं, पण असं कोणी आकड्यात सांगितलं नव्हतं.

"तो भैया, नया चेहरा चढ़ा दो."

"चढ़ा दूँगा ना. बस पहले पुराने चेहरे से लॉगिन करना पड़ेगा. नहीं तो कोई भी आके किसी के नाम पे अपना चेहरा चढ़ा देगा."

"पुराना चेहरा है ही नहीं मेरे पास."

"वही तो दिक़्क़त है, सर," विशाल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "एक बार, बस एक बार सत्तर छू लीजिए. मैं नया भी चढ़ा दूँगा, पिछले दिन भी ठीक कर दूँगा. पर शुक्रवार सुबह दस बजे तक. उसके बाद हफ़्ता लॉक हो जाता है."

*

बुधवारी यंत्रानं तिसऱ्या गैरहजेरीची नोटीस आपोआप छापून बाहेर टाकली. विनोदिनी मॅडमनी डोळे न उघडता, म्हणजे जवळजवळ न उघडता, तिच्यावर सही केली. ऑफिसातून जाणारा प्रत्येक कागद जातो त्याच वाटेनं ती नोटीस गेली आणि भास्कररावांच्या टेबलावर आली.

प्रति, श्री. भास्कर ढोमणे. आपण सोमवारपासून विनापरवानगी गैरहजर आहात. शुक्रवार सकाळपर्यंत हजर होऊन खुलासा न केल्यास आपले नाव पदोन्नती यादीतून वगळण्यात येईल.

भास्कररावांनी ती वाचली. वेलांटी एक चुकली होती, ती सुधारली. मग जावक क्रमांक घातला, वहीत चढवली, शिक्का मारला, पाकिटात घातली. उठले, टेबलाला वळसा घालून समोरच्या अभ्यागतांच्या खुर्चीवर बसले, पाकीट हातात घेतलं आणि पोचवहीवर सही केली. मग पुन्हा वळसा घालून आपल्या खुर्चीवर आले आणि पोच मिळाल्याची नोंद घेतली.

शिपाई शंकर दारात उभा राहून पाहत होता. त्याची नोकरी भास्कररावांइतकीच जुनी.

"बाबूजी, मोला देतेव, मैं पहुँचा देतेंव."

"कशाला शंकर, मी आहे ना इथं."

"हव," शंकर म्हणाला आणि जरा विचारात पडला. "फेर आप तो आए नइ हव."

पण तुम्ही तर आलेलेच नाहीत, या त्याच्या वाक्यानं भास्कररावांना जे झालं ते नोटिशीनं झालं नव्हतं.

दुपारी विनोदिनी मॅडम धावतच आल्या. "भाऊ, सोमवारपासनं किती पत्रं गेली तुमच्या हातानं?"

"एकसष्ट."

"तुम्ही गैरहजर असताना?"

दोघांनी एकदम जावकवहीकडं पाहिलं.

एकसष्ट पत्रांत मंत्रालयाला पाठवलेला पदोन्नतीचा प्रस्ताव होता, म्हणजे रामकृष्णाचंही नाव होतं. आणि साहेबांचा स्वतःचा रजेचा अर्ज होता. मुलीच्या प्रवेशासाठी त्यांना शनिवारी पुण्याला जायचं होतं.

साहेबांनी भास्कररावांना आत बोलावलं. रामकृष्ण आणि मॅडम न बोलावता मागे आले.

"ढोमणे, आप सोमवार को आए थे?"

"जी सर."

"मशीन कहती है नहीं."

"जी सर."

"तो ये चिट्ठियाँ किसने भेजीं?"

"मैंने, सर."

"आए बिना?"

भास्कररावांनी जावकवही पुढं केली. अक्षर त्यांचंच होतं.

"सर, कोई दूसरा दुबारा भेज दे," रामकृष्ण मध्येच म्हणाला. एरवी यादीतलं वरचं नाव गळलं असतं तर त्यानं नारळ फोडला असता, पण आता वरचं नाव गळलं की खालचंही गळत होतं.

"एक ही चिट्ठी दो नंबर से? मंत्रालय पूछेगा असली कौन-सी है. मेरी छुट्टी भी दो-दो हो जाएगी." साहेबांनी कपाळ धरलं. "देखिए, जब तक ढोमणे आए हुए नहीं माने जाते, तब तक कुछ गया हुआ नहीं माना जाएगा. साहू, कुछ भी कीजिए. इन्हें लाइए."

"सर, ये तो यहीं खड़े हैं."

"वो मैं भी देख रहा हूँ!" साहेब ओरडले. "मेरे देखने से क्या होता है!"

त्या रात्री भास्करराव ताटावरून अर्धपोटी उठले.

"कुमुद, मी आहो ना?"

"नाही त दही कोणं संपवलं?"

*

गुरुवारी रामकृष्णानं सूत्रं हातात घेतली.

"जो चौदह हफ़्ते में गया है, उसे एक दोपहर में लाएँगे," तो म्हणाला. "मई का महीना है. धूप की कोई कमी नहीं."

ऑफिसासमोरचं पटांगण मोठं आहे. नव्या राजधानीत सगळंच मोठं आहे. फक्त झाडं अजून लहान आहेत. बारा वाजता रामकृष्णानं भास्कररावांना पटांगणाच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः छत्री घेऊन बाजूला उभा राहिला.

"मुँह ऊपर. और ऊपर. सूरज को देखिए, मुझे क्या देख रहे हैं."

"रामकृष्ण, चक्कर येऊन रा... चक्कर आ रहा है."

"आने दीजिए. उसके बाद प्रमोशन आएगा."

वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांत लोक जमले. कोणीतरी विचारलं, हे आंदोलन कशाचं आहे. शंकर दर पंधरा मिनिटांनी पाणी आणत होता आणि गालांकडं पाहून मान हलवत होता. दोन वाजता भास्कररावांचा चेहरा टरबुजाच्या फोडीसारखा लाल झाला. लाल झाला, पण वांगाचा एक ठिपका उमटला नाही.

रामकृष्णानं जवळ येऊन नाक लावलं आणि वास घेतला. "ये क्या महक रहा है?"

भास्कररावांनी मान खाली घातली.

"आपने आज भी लगाया? सनस्क्रीन?"

"दो उँगली. आदत है. और नीचे सी भी है."

रामकृष्ण छत्रीसकट खाली बसला.

तरी ते यंत्रापाशी गेलेच. लाल, सुजलेलं, घामानं निथळणारं तोंड भास्कररावांनी पुढं केलं. बाई म्हणाली, "कृपया अपना चेहरा सामने लाएँ."

ती आता त्यांना चेहरासुद्धा मानत नव्हती.

*

शुक्रवार. पहाटे पाच.

निधीनं भास्कररावांना खुर्चीवर बसवलं आणि आपली मेकअपची पेटी उघडली. "पापा, वांग वापस नहीं आ सकता तो बना देंगे. पुराना फ़ोटो दो."

फोटो शोधले. दिवाळीचे, लग्नांचे, नागपूरच्या मावशीच्या साठीचे. सगळे निधीच्या मोबाइलवरचे, आणि निधीचा मोबाइल फोटो काढतानाच सगळ्यांचे चेहरे गुळगुळीत करून ठेवत असे. कोणत्याच फोटोत वांग नव्हता. चौदा आठवडे घासून मिळवलेलं तोंड त्या फोटोंत दहा वर्षांपासून फुकट होतं.

"कोई बात नहीं, अंदाज़ से करती हूँ," निधी म्हणाली.

तिनं अर्ध्या तासात काम केलं आणि सुंदर केलं. दोन्ही गालांवर सारख्या आकाराचे, कडा विरघळलेले, तपकिरी वांग. भास्कररावांनी आरशात पाहिलं. हे तोंड कुणाचं तरी होतं खरं.

प्रश्न घामाचा होता. बसचा प्रवास तासाभराचा, त्यात मे महिना. म्हणून कुमुदही सोबत निघाली. स्टाफ बसमध्ये बाहेरचं माणूस चालत नाही, पण ड्रायव्हरनं भास्कररावांचं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. सबंध रस्ता कुमुद खिडकीकडून पदराचा आडोसा धरून दुसऱ्या हातानं वर्तमानपत्रानं वारा घालत होती.

"बोलू नका. हसूही नका."

"मी कायले हसन?"

"बोलले ना!"

नऊ वाजून एक्केचाळीस. यंत्रासमोर सगळं संचालनालय उभं होतं. साहेबही खाली आले होते. विशाल यंत्राच्या बाजूला वायर हातात धरून तयार होता.

"चेहरा मेल नहीं खाया."

"छियासठ," विशाल हळूच म्हणाला.

"लाइट, लाइट!" रामकृष्ण ओरडला. मोबाइलचे पाच-सहा दिवे भास्कररावांच्या तोंडावर पडले.

"चेहरा मेल नहीं खाया."

"चौंसठ."

एकच प्रयत्न उरला. नऊ अठ्ठेचाळीस झाले. विनोदिनी मॅडमनी डोळे मिटले. घरावर पाटी लागणार नाही, हे तर आहेच. पण चौदा महिने रोज सकाळी इथं उभं राहून आपण नाही असं ऐकायचं, आणि मग जाऊन काम करायचं, हे त्यांना पहिल्यांदाच सबंध दिसलं.

"सरका हो," कुमुद गर्दीतून पुढं आली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. सकाळच्या धावपळीत तिला ते धड पाहायला मिळालंच नव्हतं, बसमध्ये नुसता वारा घातला होता. "हे कोणाचं तोंड होय? पोट्टीनं दोन्हीकडं सारखं काढून ठेवलं. सारखा होता का कधी?"

तिनं शंकरच्या लोट्यात पदर बुडवला आणि निधीची अर्ध्या तासाची कलाकुसर दोन हातांत पुसून काढली. पर्समधून निधीचीच भुवयांची पेन्सिल काढली.

"भाभीजी, फ़ोटो देखकर..." विशाल म्हणाला.

"फोटो कायले?"

ती काढायला लागली. फोटो नाही, आरसा नाही. पेन्सिलीनं रेघ, अंगठ्यानं फासणं, पुन्हा रेघ. तोंडानं बडबड चालू.

"डावीकडचा नाकापासून निघते, पण नाकाले टेकत नाही. मधात गव्हाएवढी जागा सोडते... हालू नका... मग असा खाली येते, अन् इथं दोन ठिपके. एक मोठा, एक बारका. उजवा तर पार कानापर्यंत. कॉलेजच्या पोट्ट्यांसारखे हेल्मेट न घालता हिंडले, घ्या आता. अन् इथं, मिशीच्या वर, हे एवढंसं. हे कोणाले दिसतच नाही."

"तुले कसं ठाऊक?" भास्करराव ओठ न हलवता पुटपुटले.

"बत्तीस वर्षं समोर बसून जेवून राहिले तुम्ही. तुमच्या हातात पेपर. मी काय पाहू मग?"

भास्कररावांना काहीतरी म्हणायचं होतं. "गाल हालते," कुमुद म्हणाली, तेव्हा ते राहिलं.

नऊ वाजून सत्तावन्न. तिनं दोन पावलं मागे होऊन पाहिलं, परत पुढं जाऊन एक ठिपका अंगठ्यानं दाबला आणि म्हणाली, "जा."

भास्करराव यंत्रासमोर उभे राहिले.

"उपस्थिति दर्ज हुई."

"तिरासी!" विशाल किंचाळला. रामकृष्णानं शंकरला मिठी मारली. साहेब स्वतःशीच "पुणे, पुणे" म्हणाले. विनोदिनी मॅडम रडत होत्या आणि ती एकसष्ट पत्रं एका दमात जगात गेली.

"हिलिए मत, सर!" विशालची बोटं बटणांवर पळत होती. "लॉगिन खुल गया है, एक मिनट खुला रहेगा. नया चेहरा चढ़ाता हूँ."

"थांबा," भास्करराव भानावर आले. "रुको भैया, मुझे मुँह धोने दो! ये तो वो नहीं है, ये तो..."

"चालीस सेकंड, सर!"

"पर ये बनाया हुआ है! धोने दो!"

"ढोमणे!" साहेब गरजले. "ख़बरदार जो हिले! फिर से ये तमाशा नहीं चाहिए मुझे!"

तीस वर्षांची नोकरी होती. साहेबांनी हलू नका म्हटलं आणि भास्करराव हलले नाहीत.

"हो गया," विशालनं सुटकेचा श्वास टाकला. "अब दो साल तक लॉक. कोई माई का लाल बदल नहीं सकता."

*

त्या दुपारी समिती बसली आणि भास्करराव अधीक्षक झाले. रामकृष्णही झाला. पानानं भरलेल्या गालासकट झाला.

गुढियारीतल्या घरात आता रोजचा क्रम असा असतो. सकाळी सहाला तोंड धुणे. व्हिटॅमिन सी, थेंब चार. सनस्क्रीन, दोन बोटे. ते जिरलं की खिडकीपाशी खुर्ची, आणि कुमुद पेन्सिल घेऊन समोर. दहा मिनिटं. रात्री वांग पुसून काढणे, तोंड धुणे, नायसिनामाइड.

बाटल्या बंद करून टाकाव्यात, असं भास्कररावांनी एकदा सुचवून पाहिलं.

"भूल के भी नहीं," निधी म्हणाली. "बंद किया तो असली वांग वापस आएगा. और वो पुरानी जगह पे ही आएगा, इसकी क्या गारंटी? मम्मी वाले से मैच नहीं हुआ तो?"

भास्करराव ते डायरीत लिहून ठेवून झोपले.

पुढं ऑगस्टमध्ये साहेबांच्या टेबलावर एक अर्ज आला. अक्षर सुवाच्य होतं आणि तो योग्य मार्गानं आला होता.

विषय : दोन दिवसांचा आकस्मिक अवकाश मिळणेबाबत.

महोदय, माझी पत्नी सौ. कुमुद ही भाचीच्या बारशाकरिता वर्ध्यास गेली असल्यामुळे सोमवार व मंगळवार या दोन दिवशी माझा चेहरा उपलब्ध होऊ शकत नाही. करिता रजा मंजूर व्हावी, ही विनंती.

आपला, भास्कर ढोमणे, अधीक्षक.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा लावून खाली लिहिलं : "मंजूर. तथापि, श्रीमती ढोमणे यांनी यापुढे बाहेरगावी जाण्यापूर्वी या कार्यालयाची परवानगी घ्यावी."